दाजी, नासलीय ओ ही बिअर

परवा रविवारी गच्चीवर चौघं बसलो होतो. मी, मेव्हणा, आमचा डॉक्टर आणि बेल्जियमला कामाला होता तो मित्र, जो आता सगळं आवरून सांगलीत विश्रामबागला परत आलाय. येताना त्याने दोन बाटल्या आणलेल्या, विमानातनं दोन लिटरपर्यंत आणता येते त्या हिशोबात बसवून, जुन्या टॉवेलात गुंडाळून. एक साडेसातशे मिलीची, शॅम्पेनसारखं बूच आणि वर तारेची जाळी असलेली, रोडेनबाख व्हिंटेज. दुसरी छोटी, तिच्यावर हातावर ससाणा घेतलेल्या बाईचं चित्र. एवढ्या लांबून आणलेली वस्तू म्हणल्यावर आम्ही जरा आदबीनेच बसलो, भडंगसुद्धा वेगळ्या ताटात काढलं.

मेव्हण्याचा पहिला प्रश्न ठरलेला, "स्ट्राँग का माईल्ड?" त्याच्या लेखी जगात बिअरच्या दोनच जाती आणि दुसरी फक्त आजारी माणसांसाठी. मित्र म्हणला सात टक्के. म्हणजे स्ट्राँग, विषय संपला, गड्याने बाटली थेट फ्रीझरला टाकली. मी दहा मिनिटांनी गुपचूप काढून ठेवली कारण मित्राने आधीच सांगितलेलं की ही बर्फासारखी गार प्यायची नसते, दहा-बारा डिग्रीला प्यायची, नाहीतर वास सगळा दबून जातो आणि नुसतं आंबट हाताला लागतं.

बूच निघालं ठप्प करून. रंग म्हणाल तर पाणी कमी घातलेलं कोकम सरबत, उजेडात धरलं की कडेला लाल, मध्ये तपकिरी. फेस आला तो थोडाच, चहाच्या रंगाचा, आणि बघता बघता बसला. मेव्हण्याने नेहमीच्या सवयीने अर्धा ग्लास एका दमात आत ओढला आणि मग त्याचं जे तोंड झालं ते मी आयुष्यात विसरणार नाही.

"दाजी, नासलीय ओ ही." मग मित्राकडे वळून, "फसवलं लगा तुला तिकडं, एक्स्पायरी बघितलीस का?"

खरं सांगतो, पहिल्या घोटाला मलाही तेच वाटलं. चायनीजच्या गाडीवर ती झाकणाला भोक पाडलेली व्हिनेगरची बाटली असते ना, तीच आठवली. पण मी गप्प बसलो कारण मला दुसरंच काहीतरी झालेलं. चव घ्यायच्या आधी ग्लास नाकाशी नेला तेव्हाच एकदम मामाचं शेड डोळ्यासमोर आलं.

मामाची तासगावकडं द्राक्षबाग. माल बेदाण्याचा. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, द्राक्षं पोटॅशियम कार्बोनेट आणि डिपिंग ऑईलच्या पाण्यात बुडवून शेडमधल्या जाळ्यांवर पसरतात, सावलीत, आणि वाऱ्यावर पंधरा-वीस दिवसांत त्याचा बेदाणा होतो. त्या दिवसांत शेडमध्ये गेलं की गोड, गुळमट, जरासा जड वास येतो आणि तो वास मला माझ्या सुट्टीचा वास वाटतो. पण मी नववीत असताना मार्चमध्ये अवकाळी आला. दोन रात्री नुसता झोडपला. अर्धवट वाळलेला माल भिजला, मणी फुटले, रस खालच्या जाळीवर गळायला लागला आणि तिसऱ्या दिवशी शेडच्या तोंडाशीच नाकात जो वास शिरला, गोड पण आंबूस, खाली चिलटांचा ढग, तो वास म्हणजे त्या वर्षीचं नुकसान. मामा तेव्हा काही बोलला नाही. मामी पदराने नाक धरून पाट्या रिकाम्या करत होती.

तर बेल्जियमच्या बाटलीतनं नेमका तोच वास आला. मला काय बोलावं सुचेना.

डॉक्टरने मात्र हळूहळू घोट घेत घेत मित्राकडनं सगळी माहिती काढून घेतली (पेशंटची हिस्ट्री घेतो तशी). तर हे प्रकरण असं आहे. पश्चिम फ्लँडर्समध्ये रूसलारे म्हणून गाव आहे, तिथं रोडेनबाख घराण्याने 1821 साली ही ब्रुअरी घेतली. त्यांच्यातला एक वारस 1870च्या दशकात इंग्लंडला जाऊन लाकडात बिअर मुरवायचं आणि जुनी-नवी मिसळायचं तंत्र शिकून आला. आता तिथं ओक लाकडाचे जवळपास तीनशे उभे पिंप आहेत, फुडर म्हणतात त्याला, माणसापेक्षा कितीतरी उंच, आणि काही दीडशे वर्षांचे. बिअर आधी साधीच बनते, मग त्यात पडून राहते दोन वर्षं. लाकडाच्या भेगांत, छिद्रांत जिवाणू आणि ब्रेटानोमायसिस नावाचं रानटी यीस्ट पिढ्यानपिढ्या मुक्कामाला. एक जण दह्यासारखा आंबटपणा करतो, लाकडातनं अगदी थोडी हवा आत जाते त्यावर दुसरा व्हिनेगरवाला आंबटपणा करतो, आणि ते रानटी यीस्ट उरलीसुरली साखर सावकाश खात बसतं. त्यांच्या ग्रां क्रू बिअरमध्ये दोन भाग जुनी आणि एक भाग नवी असं मिश्रण असतं. आमची व्हिंटेज मात्र मिसळलेली नाही, दरवर्षी चाखून एक पिंप निवडतात आणि नुसतं तेच भरतात.

मेव्हणा म्हणला म्हणजे मुद्दाम नासवलीय. डॉक्टर म्हणला लोणचं पण मुद्दामच असतंय की. मेव्हणा म्हणला लोणच्याचा एवढा मोठा ग्लास भरून कोण पितंय. ह्यावर कुणाकडंच उत्तर नव्हतं.

दुसरा ग्लास मी छोटा घेतला आणि एव्हाना बाटली जरा कोमट झालेली. आणि इथं गंमत सुरू झाली. व्हिनेगर मागं गेलं. पुढं आलं करवंद, पिकलेलं, काळं, चीक नसलेलं. त्याच्यामागं काकवी. मग चिंचगुळाच्या आमटीत शेवटी जिभेच्या कडांना जे होतं ते, म्हणजे आंबट आधी की गोड आधी हे ठरवताच येत नाही ते. घोट गिळल्यावर जांभूळ खाल्ल्यासारखी जीभ किंचित ओढली जाते, तो तुरटपणा ओकचा म्हणे. कुठंतरी तळाशी व्हॅनिला आणि तबेल्याचा वास, चामड्याचं जुनं खोगीर असतं ना तसला, तो त्या रानटी यीस्टचा. हे वाचायला घाण वाटतंय मला माहितीय, पण हिंग पण नुसतं हुंगलं तर घाणच वाटतं. कडवटपणा जवळजवळ नाहीच, आपल्याकडच्या बिअरला शेवटी जो कडू चटका असतो तो इथं शोधून सापडत नाही. आणि सात टक्के कुठं लपलेत कळत नाही, उठताना कळतात.

छोटी बाटली नंतर फोडली. डचेस द बूर्गोन्य, 6.2 टक्के, व्हिखते गावची, तीसुद्धा लाकडातलीच. चित्रातली बाई म्हणजे बर्गंडीची मेरी, 1457 चा जन्म, पंचविशीत घोड्यावरनं पडून गेली बिचारी, ससाण्याने शिकार करायला गेलेली तेव्हा. ही बरीच गोड. मेव्हण्याला हीच आवडली, "ही जरा माणसात आहे" म्हणला. मला उलट ती गुळाचं पाणी जास्त झालेल्या पाणीपुरीसारखी वाटली, पहिले दोन घोट छान, मग कंटाळा. व्हिंटेज त्रास देते पण कंटाळा आणत नाही. आणि चौघांत एक बाटली हेच बरोबर माप आहे, एकट्याने साडेसातशे मिली संपवायच्या भानगडीत पडू नका, पित्तवाल्यांनी तर नाहीच. भडंगाबरोबर अजिबात जमली नाही, लसूण आणि हे एकत्र म्हणजे भांडण. डॉक्टरने घरनं चीजचे क्यूब आणलेले, त्याच्याबरोबर मात्र भारी.

मित्र म्हणत होता आपल्याकडं पण कुणीतरी करायला पाहिजे, एवढी द्राक्षं, पलूसला वाईन पार्क काढलंच होतं की. मला नाही वाटत. तिकडं पिंपं गारव्यात ठेवतात. सांगलीच्या एप्रिलमध्ये दोन वर्षं ठेवायचं म्हणजे शेवटी खरंच चायनीजच्या गाडीवरच विकायला लागेल.

बाटलीत दोन बोटं उरलेली, बूच लावून फ्रीजमध्ये ठेवली. दुसऱ्या दिवशी मामा मार्केट यार्डात बेदाण्याच्या सौद्याला आलेला, तो जाता जाता चहाला टेकला. मामा माळकरी, पिण्याचा प्रश्नच नाही. पण मला राहवेना, म्हणलं मामा नुसता वास घेऊन सांग कशाचाय. त्याने आधी माझ्याकडं संशयाने बघितलं, मग बाटली लांबनंच नाकाखालनं फिरवली, मग परत एकदा, जवळनं.

"भिजल्याला माल," मामा म्हणला. "तिसऱ्या दिवशीचा."

मी सांगितलं की मामा हे तिकडं दोन वर्षं लाकडाच्या पिंपात सांभाळून ठेवतात आणि लोक पैसे मोजून पितात. मामाने बाटली परत केली, बशीतला चहा संपवला आणि उठता उठता म्हणला, "मग त्यास्नी फोन करून सांग की लेका, अवकाळी झाला की हिकडं चार ट्रॉल्या घिऊन या म्हणावं."