चेक इंजिनचा दिवा, नोंद तिसरी: पी ०१७१ गेला, मग पी ०४२० आला

कोल्हापुरातल्या माझ्या गाडीचा चेक इंजिनचा दिवा अधूनमधून लागतोय, त्याच्या शोधाची ही नोंद. मागच्या नोंदीत कोड (गाडीच्या संगणकाने, म्हणजे ईसीयूने, टिपलेला दोषाचा क्रमांक) खोडून थांबलो होतो. अकराव्या दिवशी कावळा नाक्याच्या सिग्नलला उभा असताना दिवा परत लागला. गाडी तीच, २०१७ च्या दिवाळीत घेतलेली बीएस ४ पेट्रोल हॅचबॅक. मीटर ७८,४१२.

यावेळी कोड खोडला नाही. डोंगल (ईसीयूतली माहिती वाचायचं छोटं यंत्र) लावला आणि आधी फ्रीझ फ्रेम वहीत उतरवून घेतली. दोष पकडला त्या क्षणी इंजिन कोणत्या अवस्थेत होतं, ते ईसीयू तिथे टिपून ठेवतो. कोड खोडला की तेही पुसलं जातं. आधी दोन वेळा गॅरेजमध्ये गाडी आत घेतल्या घेतल्या कोड खोडला होता, म्हणजे दोन्ही वेळा पुरावाच गेला. माझ्या वहीतले आकडे असे: ७८० आरपीएम, वेग शून्य, कूलंट ९१ अंश, लाँग टर्म फ्युएल ट्रिम +२३, कोड पी ०१७१.

पी ०१७१ म्हणजे मिश्रण पातळ, हवा जास्त आणि पेट्रोल कमी. ट्रिम +२३ म्हणजे ईसीयू ठरलेल्या हिशेबापेक्षा २३ टक्के जास्त पेट्रोल सोडून कसंबसं जमवत होता. पण पातळ कशामुळे, ते कोड सांगत नाही. ते फ्रीझ फ्रेममधल्या ‘वेग शून्य’ने सांगितलं. घरी येऊन तापलेल्या इंजिनावर दोन रीडिंग घेतली. आयडलला (गाडी उभी, इंजिन चालू) +२३, आणि २५०० आरपीएमला धरून ठेवलं तर उतरत उतरत +९.

इथेच अर्धं निदान झालं. आयडलला थ्रॉटल (हवेची झडप) जवळजवळ बंद असतो, इंजिन मुळात हवाच थोडी ओढतं. त्यात कुठून चोरून हवा शिरली तर तिचा वाटा मोठा होतो. थ्रॉटल उघडला की तीच गळती एकूण हवेत विरून जाते. पंप किंवा फ्युएल फिल्टर थकला असता तर उलट झालं असतं, जोर द्यावा तशी ट्रिम चढली असती. एक महत्त्वाचं: हे गणित मॅफ सेन्सरच्या (आत येणारी हवा मोजणाऱ्या) गाडीचं आहे. मॅप सेन्सरवर (मॅनिफोल्ड, म्हणजे इंजिनात हवा नेणाऱ्या नळ्या, त्यांतला दाब मोजणाऱ्या) चालणाऱ्या गाडीत चोरटी हवा मॅनिफोल्डचा दाबच वाढवते, ईसीयू त्या हिशेबाने पेट्रोल देतो आणि ट्रिम फारशी हलत नाही, आयडल मात्र चढतं. आपल्या गाडीत कोणता सेन्सर आहे ते आधी बघा, मगच माझे आकडे वापरा.

आता ई२० (२० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल) बद्दल, कारण मागच्या नोंदीवर बऱ्याच जणांनी सगळं खापर त्यावर फोडलं. आपल्या जिल्ह्यात उसाचं आणि इथेनॉलचं नातं कुणाला सांगायला नको. इथेनॉलच्या रेणूतच ऑक्सिजन असतो, वजनाने जवळजवळ ३५ टक्के. शुद्ध पेट्रोलला वजनाच्या १४.७ पट हवा लागते, ई२० ला साधारण १३.५ पट. म्हणजे तेवढ्याच हवेला इंधन आठेक टक्के जास्त. ई१० वरून ई२० वर आलं तर फरक चारेक टक्क्यांचा. तेवढ्याने दिवा लागत नाही. पण ट्रिम आधीच चार-सहा टक्के वर बसलेली असली तर दिवा लागायच्या हद्दीपर्यंत जागा कमी उरते. माझं मत असं की ही गळती जुनी असावी. आधीच्या पेट्रोलवर ती खपून गेली, आता खपत नाही.

गळती शोधायला उद्यमनगरातल्या एका जुन्या मिस्त्रींकडे गेलो. मी सकाळी गार गाडी घेऊन पोचलो तर मामा म्हणाले, “गार इंजिनावर काय घावायचं न्हाई. रंकाळ्याला एक चक्कर मारून या, मग बघू.” परत आलो. त्यांनी इनटेक मॅनिफोल्डच्या मागे हात घातला, पीसीव्हीची (इंजिनातली वाफ परत आत ओढणारी) कोपरासारखी वळलेली नळी चाचपली आणि मोबाईलचा टॉर्च धरून खालून आरसा लावला. नळीच्या पोटाला, वळणावर, नखाएवढी चीर. वरून नळी अगदी नवी दिसत होती. बोटाने जरा वाकवली की चीर ओठासारखी उघडायची, सोडली की मिटायची. “तापलं की रबर मऊ पडतंय, मग त्वांड उघडतंय बघा,” मामा म्हणाले. दिवा कधी लागायचा, कधी नाही, त्याचं कारण हेच. माझ्या आधीच्या दोन्ही तपासण्या सकाळच्या होत्या, इंजिन गार असतानाच्या.

नळी ३४० रुपयांची. बसवली, कोड खोडला, ट्रिम चार दिवसांत +७ वर येऊन स्थिरावली. 

मीटर ७८,९८०. वैभववाडीहून परतताना घाट चढून गगनबावड्याला चहाला थांबलो, गाडी परत चालू केली आणि दिवा हजर. कोड मात्र नवा: पी ०४२०, कॅटॅलिस्टची (सायलेन्सरच्या वाटेवर धूर स्वच्छ करणारा भाग, थोडक्यात कॅट) कार्यक्षमता कमी. मन खट्टू झालं, खोटं कशाला बोलू. एका गॅरेजवाल्याने फोनवरच सांगितलं, कॅट बदला, अठ्ठावीस हजार. दुसरा म्हणाला, कॅटच्या मागच्या ऑक्सिजन सेन्सरला स्पेसर (सेन्सर धुरापासून लांब धरणारा तुकडा) लावतो, दिवा कायमचा जाईल. स्पेसरला मी ठाम नकार दिला. त्याने कॅट सुधारत नाही, ईसीयूला दिसायचं तेवढं बंद होतं आणि धूर सगळ्यांच्या नाकात जात राहतो.

हा कोड आत्ताच का उगवला? बऱ्याच गाड्यांमध्ये मिश्रणाचा दोष नोंदलेला असेपर्यंत ईसीयू कॅटची चाचणीच घेत नाही. पी ०१७१ गेला, चाचणी चालू झाली आणि मागे लपलेलं उघड्यावर आलं.

ही चाचणी धूर मोजत नाही. कॅटमधला सेरियम ऑक्साइड ऑक्सिजन साठवतो आणि सोडतो. त्यामुळे कॅटच्या पुढचा सेन्सर ०.१ ते ०.९ व्होल्टमध्ये नाचत असला तरी मागचा ०.६-०.७ च्या आसपास शांत राहायला हवा. मागचाही पुढच्याच्या तालावर नाचू लागला की कॅट थकला असं ईसीयू मानतो. माझा मागचा सेन्सर त्या तालावर नव्हता. बराच वेळ ०.७ वर असायचा आणि मध्येच ०.२ ला आपटून परत वर यायचा. थकलेल्या कॅटचा आलेख असा येत नाही. मग पीयूसीचा जुना कागद काढला. सीओ, एचसी (धुरातले घातक वायू) उत्तम, पण लॅम्डा (हवा-पेट्रोलचं प्रमाण, १ म्हणजे अचूक) १.०२७. मर्यादा १.०३ ची, म्हणून पास. सीओ इतका कमी आणि टोकाला ऑक्सिजन इतका, याचा अर्थ वाटेत कुठेतरी बाहेरची हवा मिसळते.

रविवारी गार सायलेन्सरच्या टोकाला व्हॅक्यूम क्लीनरची फुंकणारी बाजू कापड गुंडाळून बसवली आणि जोडांवर साबणाचं पाणी सोडलं. कॅटच्या मागच्या फ्लँजवर (बोल्टने आवळलेल्या जोडावर), मागच्या सेन्सरच्या वीतभर अलीकडे, बारीक फेस फुगत राहिला. त्याच जागी काजळीचा काळा फराटा होता, तो मी आधी चिखल समजलो होतो. एक्झॉस्टचा दाब एकसारखा नसतो, ठोक्याठोक्याने येतो. दोन ठोक्यांच्या मधल्या ओढीत त्या फटीतून बाहेरची हवा आत जायची आणि सेन्सरला ऑक्सिजन दिसून व्होल्ट खाली आपटायचे.

परत उद्यमनगर. दोन्ही बोल्ट गंजून एकजीव झालेले, एक गरम करून निघाला, दुसरा कापावा लागला. मामांनी फ्लँजवर पोलादी पट्टी उभी धरली आणि फिलर गेज सरकवला. एका कानाशी अर्धा मिलिमीटर फट. मागे कुणीतरी एकच बोल्ट जास्त आवळून तो वाकवला असणार. अर्धा तास कानस चालली, मधूनमधून पट्टी लावून उजेड बघत. नवं पॅकिंग, नवे बोल्ट, दोन्ही बाजूंनी थोडं थोडं आवळत. सगळे मिळून ९०० रुपये.

मीटर ७९,३१५. कोड खोडल्यावर कॅटची चाचणी पूर्ण व्हायला तापलेल्या इंजिनाने एकसारख्या वेगात चालावं लागतं. गावात ते जमत नाही. पहाटे पाचला निघून कागल, कोगनोळी करत निपाणीपर्यंत जाऊन आलो, जमेल तिथे ताशी ७०-८० धरून. येताना सगळे मॉनिटर (ईसीयूच्या चाचण्या) ‘पूर्ण’ दाखवत होते. मागचा सेन्सर ०.६८ च्या आसपास, सरळ रेघ. नव्या पीयूसीत लॅम्डा १.००४. ट्रिम +६ वर आहे आणि ई२० वर ती तिथेच राहील असं धरून चाललोय.

निपाणीच्या फेरीचा पूर्ण लॉग ठेवलाय. पुढच्या महिन्यात माणसं आणि सामान भरून पुन्हा वैभववाडीला जायचंय. गगनबावड्याच्या चढाला मागचा सेन्सर काय करतो ते चौथ्या नोंदीत टाकतो.