गाडी नेमकी कधीची?

जुनी गाडी घ्यायची होती. निपाणीच्या गाडीमालकांनी फोनवर सांगितलं, "अठराचं मॉडेल आहे ओ, सिंगल ओनर." एमपरिवहन अ‍ॅपवर केए-२३ चा नंबर घालून बघितला, नोंदणी खरंच जानेवारी २०१८ ची. पण जानेवारीची नोंदणी दिसली की मला शंका येते. डिसेंबरात शोरूमवाले उरलेला माल सवलतीत काढतात आणि घेणारे पासिंग मुद्दाम जानेवारीत करून घेतात, कागदावर नवं साल लागावं म्हणून. आरसीचा, म्हणजे नोंदणी प्रमाणपत्राचा, फोटो मागवला तर खालचा भाग बोटाआड.

मग वडगावच्या मिस्त्रीमामांना घेऊन निपाणी गाठली. मामांनी बॉनेट उघडून चॅसिस नंबरावरची धूळ पुसली. सतरा अक्षरं, सुरुवातीला एमए, म्हणजे भारतातलीच. "दहावं अक्षर वाच." एच! हे अक्षर गाडीचं साल सांगतं: २०१६ ला जी, २०१७ ला एच आणि २०१८ ला थेट जे. आय, ओ, क्यू ही अक्षरं एक आणि शून्याशी घोळ होऊ नये म्हणून चॅसिस नंबरात घेतच नाहीत. सगळ्या कंपन्या दहाव्या अक्षराची रीत पाळत नाहीत, त्यामुळे मामा तेवढ्यावर थांबले नाहीत. सीटबेल्ट पार शेवटपर्यंत ओढला. तळाशी शिवलेल्या पट्टीवर एप्रिल २०१७. टायरवर मात्र १२१९, म्हणजे २०१९ चा बारावा आठवडा. बदललेले टायर गाडीचं वय काय सांगणार? मामांनी डिकीतली स्टेपनी उलटी केली. कधी जमिनीला लागलेलीच नव्हती. तिच्यावर १५१७. हे मला सुचलं नसतं.

शेवटी आरसी हातात आली. उत्पादन ०५/२०१७.

"मालक, आठ महिने गाडी यार्डातच उभी होती की!"

"आम्ही जानेवारीतच घेतली ओ, आम्हाला काय माहीत?" ते खोटं बोलत होते असं मला वाटलं नाही. वर त्यांनी मुद्दाही काढला: आरसीची पंधरा वर्षं नोंदणीपासून मोजतात, ती जानेवारी २०३३ पर्यंत चालणार, मग नुकसान कसलं? तेही खरंच. पण पुढे विकायला काढली की घेणारा सतराचंच साल धरणार, आणि टायर आताच बदलावे लागणार. चहावर घासाघीस झाली, चार टायरांची किंमत भावातून वजा झाली आणि मालकी बदलायच्या फॉर्म २९-३० वर सह्या करून आम्ही निघालो.