आरशातला दीड अंश

आरशावर किरण ज्या कोनात पडतो तो आपतन कोन आणि ज्या कोनात परततो तो परावर्तन कोन सारखे असतात हे सगळ्यांनाच पाठ असतं. पण ते कागदावर सारखे यावेत म्हणून मी आणि माझी लेक, आम्ही दिवाळीची बरीचशी सुट्टी खर्ची घातली.

आमचं घर ठाण्यात, नौपाड्यात. सकाळी खिडकीतून टेबलावर ऊन येतं, म्हणून आधी उन्हाचाच बेत केला. पुठ्ठ्याला ब्लेडने बारीक फट पाडली की कागदावर उन्हाची रेघ उमटते, आणि आरशावरून ती वळलेली बघताना फार छान वाटतं. मात्र सूर्य आकाशात चार मिनिटांत एक अंश सरकतो. पट्टी लावून कोनमापक ठेवेपर्यंत रेघ हललेली असते.

मग टाचण्यांकडे वळलो. जांभळी नाक्याजवळच्या काचवाल्याकडून ४ मिमी जाडीच्या आरशाची पट्टी कापून आणली आणि थर्माकोलवर कागद पसरून क्लिपांच्या आधाराने उभी केली. आरशाची पुढची कड आखली, तिला काटकोनातली रेषा, म्हणजे स्तंभिका काढली आणि तिच्याशी ३०, ४५, ६० अंश करणाऱ्या रेषांवर दोन-दोन टाचण्या टोचल्या. डोळा कागदाच्या पातळीला आणून पलीकडून बघायचं. आरशातल्या दोन्ही टाचण्या एकामागे एक लपल्या की त्याच रांगेत अलीकडे आणखी दोन टोचायच्या. बघायचं ते टाचणीचं बूड, डोकं नाही, कारण टाचणी जराशी कलली तरी डोकं भलतीकडे जातं.

शेवटच्या टाचणीचा ठिपका नेहमीच्या पद्धतीने आपतन बिंदूला, म्हणजे आखलेल्या कडेवर किरण जिथे पडतो तिथे, जोडून कोन मोजले. ३० ला साडेएकतीसच्या आसपास, ४५ ला साडेशेहेचाळीसच्या वर, ६० ला साडेएकसष्ट. एवढा फरक चालतो म्हणून सोडून देता आलं असतं. पण लेक म्हणाली, "बाबा, दर वेळी जास्तच कसा येतो?" प्रश्न अगदी नेमका होता. हाताची चूक कधी इकडे जाते, कधी तिकडे. फरक सतत एकाच बाजूला पडत असेल तर त्यामागे कारण असतं, आणि ते शोधायला हवं.

कारण काचेत होतं. घरातल्या आरशाचा चकचकीत थर मागे असतो. किरण आधी काचेत शिरताना वाकतो, मागच्या थरावरून परततो आणि बाहेर पडताना पुन्हा वाकतो. ४ मिमी काचेत ४५ अंशांनी शिरलेला किरण सुमारे ४ मिमी बाजूला सरकून बाहेर पडतो. दिशा बरोबर असते, जागा सरकलेली असते. दहा सेंटीमीटरवरचा ठिपका जुन्या बिंदूला जोडला की हाच सरक दीड अंशाच्या वर दिसतो. कड आरशाच्या मागच्या बाजूला आखून पाहिली, तर कोन उलट कमी भरला.

उपाय सोपा निघाला. दोन्ही बाजूंच्या टाचण्यांच्या जोड्यांतून रेषा काढून त्या आरशाच्या आत वाढवायच्या. त्या काचेच्या जाडीत मध्येच कुठेतरी भेटतात. तिथून आरशाच्या कडेला लंब टाकायचा आणि त्यापासून दोन्ही कोन मोजायचे. तसं केल्यावर फरक अर्ध्या अंशाच्या आत आला. कंपासपेटीतल्या कोनमापकावर याहून बारीक वाचता येतच नाही.

खात्रीसाठी बिघडलेल्या हार्ड डिस्कमधली धातूची चकती वापरली. तिचा चकाकता पृष्ठभाग वरच असतो, मध्ये जाड काच नाही. तिथे ठिपका थेट बिंदूला जोडूनही ४५ ला ४५ आला, आणि लेकीने तो आकडा वहीत दोनदा अधोरेखित केला.

मग आरशावर पडणारा किरण तसाच ठेवून आरसा १० अंशांनी फिरवला. परावर्तित किरण २० अंशांनी वळला. नाविकांच्या सेक्स्टंटचं, म्हणजे सूर्य-ताऱ्यांची क्षितिजापासूनची उंची मोजायच्या उपकरणाचं, गणित यावरच चालतं: त्याचा चाप वर्तुळाचा सहावा भाग, म्हणजे ६० अंशांचा, पण त्यावर खुणा १२० पर्यंत असतात.