दहा हजारांतले साडेतीन हजार

"ताई, पैसे आले आणि गेले," एवढंच बोलून मावशींनी मोबाईल माझ्यापुढे धरला.

2022 चा पावसाळा. मी पुण्यात समूह संघटिका म्हणून वस्त्यांमध्ये बचत गटांचं काम करते. मावशी पर्वतीच्या पायथ्याशी रस्त्यावर पालेभाजी विकतात. आदल्याच दिवशी त्यांचं पीएम स्वनिधीचं, म्हणजे फेरीवाल्यांसाठीच्या सरकारी योजनेतलं, 10,000 रुपयांचं कर्ज खात्यात जमा झालं होतं. शिफारसपत्र, आधारला मोबाईल जोडणं, बँकेच्या चार फेऱ्या, सगळ्याला मी बरोबर होते. मेथी-कोथिंबीर संध्याकाळपर्यंत माना टाकते, म्हणून त्यांना कांदा-बटाट्यात शिरायचं होतं. मार्केट यार्डातून किती गोण्या उचलायच्या, काटा कुठला घ्यायचा, सगळं ठरलेलं.

मेसेज वाचला. 6,480 रुपये कापले होते. शिल्लक 3,520.

नणंदेनं हप्त्यावर मोबाईल घेतला होता, कागद मावशींच्या नावावर. नणंदेनं पैसे देणं थांबवलं आणि हप्ते थकले. हप्ता परत गेला की त्यावर दंड, असं साचत गेलं. खातं रिकामं होतं तोवर कुणाला काही मिळत नव्हतं. पैसे पडले आणि रातोरात ऑटो-डेबिटनं, म्हणजे खात्यातून आपोआप हप्ता कापायच्या सोयीनं, ओढून घेतले. बँकेत गेलो. साहेबांनी त्या परवानगीवरची सही दाखवली. सही मावशींचीच होती.

बँकेबाहेरच्या पायरीवर बसून मेथीच्या गड्डीला गुंडाळलेल्या कागदावर आम्ही सगळी देणी मांडली. गटाच्या कर्जाचा आठवड्याचा हप्ता. शिवाय डेलीवाला, म्हणजे रोज वसुली करणारा खासगी सावकार: 5,000 चं कर्ज, हातात 4,500, मग रोज 100 रुपये 50 दिवस. वर्षाच्या हिशोबानं ते व्याज दीडशे टक्क्यांवर जातं. मी आकडा सांगितला. मावशी म्हणाल्या, "पण तो पहाटे चारला यार्डाच्या दारात उभा असतो."

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. त्याच वर्षी रिझर्व्ह बँकेनं नियम केला होता की घराच्या मासिक उत्पन्नाच्या निम्म्याहून जास्त रक्कम हप्त्यांत जाईल असं सूक्ष्म कर्ज देऊ नये. पण डेलीवाल्याची नोंद कुठल्या यादीत सापडणार? नणंदेचा मोबाईल मावशींच्या डोक्यावर आहे हे तरी कुणाला दिसणार? अर्ज मी भरला होता. मीही विचारलं नव्हतं. ते मला फार लागलं.

त्याच दुपारी ऑटो-डेबिट थांबवायचा लेखी अर्ज दिला. राहिलेला हप्ता नणंदेनं दर महिन्याला बचत गटाच्या बैठकीत, सगळ्यांसमोर आणून द्यायचा असं ठरलं. पहिल्या दोन बैठकांना ती आली. तिसऱ्या वेळी मावशींनीच भरले.

3,520 मधून मावशींनी कांद्याची एक गोणी आणि बटाट्याची एक गोणी घेतली. काटा जुनाच राहिला. स्वनिधीचा हप्ता मात्र त्यांनी एकदाही चुकवला नाही, कारण वेळेत फेडलं तर तेव्हा पुढचं कर्ज 20,000 चं मिळायचं, हे त्यांना पाठ होतं.

आता अर्जाला हात लावण्याआधी मी पासबुक मागते. शेवटच्या सहा महिन्यांच्या नोंदी बोट ठेवून वाचते आणि विचारते, "मावशी, तुमच्या सहीवर कुणी काय घेतलंय का?" बहुतेक जणी आधी नाही म्हणतात. मग मी चहा मागवते.