नॅनच्या हातचा रंग

अमेरिकन चित्रकार ग्रँट वुडचे लिथोग्राफ, म्हणजे दगडावरून छापलेली चित्रं, आमच्या कागद-दुरुस्तीच्या टेबलावर अधूनमधून येतात. शिकागोहून आयोवा फार लांब नाही, आणि तिथल्या शेतकरी घरांत आजी-आजोबांनी घेतलेली ही चित्रं अजून भिंतीवर असतात. वुडने लिथोग्राफ केले एकूण १९. बहुतेक काळे-पांढरे, आणि त्यांचं काम ठरलेलं. जुना माउंट, म्हणजे चित्राभोवतीची पुठ्ठ्याची चौकट, काढायचा, पिवळा पडलेला कागद तपासायचा, सोसत असेल तर पाण्यात धुवायचा, मग जपानी कागदाच्या पट्ट्या खळीने चिकटवून नव्या माउंटात टांगायचा. कागदावरचं चित्र धुता येतं यावर लोकांचा विश्वासच बसत नाही. पण लिथोची शाई तेलकट असते आणि तिचा काळा काजळीचा. तिला पाण्याची भीती नाही, उन्हाचीही नाही.

त्या दिवशी आलेली चार चित्रं मात्र रंगीत होती: फळं, भाज्या, बागेतली फुलं, रानफुलं. १९३८-३९ मधला हा संच, प्रत्येकाच्या २५० प्रती. छापला काळ्यातच, आणि प्रत्येक प्रतीत जलरंग हाताने भरले वुडची बहीण नॅन आणि तिच्या नवऱ्याने. ‘अमेरिकन गॉथिक’ या वुडच्या गाजलेल्या चित्रातली ती कठोर चेहऱ्याची बाई म्हणजे हीच नॅन. चित्रासमोर उभं राहिल्याबद्दल तिला सगळे ओळखतात. पण तिने एवढे कागद रंगवले, हे संग्राहकांच्या बोलण्यात क्वचित येतं. त्यांना हवी असते ‘सल्ट्री नाइट’, कारण टपाल खात्याने त्यातला उघड्याने अंघोळ करणारा शेतमजूर अश्लील ठरवला आणि २५० ऐवजी १०० प्रतीच निघाल्या. दुर्मीळपणाची ही ओढ मला समजते, पण तिच्यापायी बाकीच्या कामाकडे बघायचंच राहून जातं.

चित्रं घेऊन आलेल्या बाई सत्तरीच्या पुढच्या. त्यांच्या आईने ती पोस्टाने मागवली होती. ‘असोसिएटेड अमेरिकन आर्टिस्ट्स’ ही न्यूयॉर्कची संस्था १९३४ पासून नावाजलेल्या चित्रकारांचे सहीचे लिथोग्राफ ५ डॉलरपासून विकायची, टपालाने आणि मोठ्या दुकानांतून. शेतावरच्या घरात खरं, सही केलेलं चित्र पोचलं ते अशा व्यवस्थेमुळे. मला ही गोष्ट फार मोलाची वाटते.

तीन चित्रं आयुष्यभर जेवणघरात खिडकीसमोर होती. चौथ्याची, रानफुलांची, फ्रेम करायची राहून गेली आणि ते कपाटात पाकिटातच पडलं. चारही टेबलावर ओळीने ठेवल्यावर आमच्या खोलीत कोणी काही बोलेना. तिन्हींतला लाल पार उडालेला, पिवळा गेल्यामुळे हिरवा निळसर झालेला. चौथं कालच रंगवल्यासारखं.

फ्रेम उघडल्यावर आणखी चीड आली. कुठल्याशा फ्रेमवाल्याने मागे पन्हाळी पुठ्ठा लावला होता. त्याच्या रेघा कागदावर तपकिरी उमटल्या होत्या, वरच्या कडेला मास्किंग टेप. ही माणसं काच चकाचक पुसतात आणि काचेमागे कागद मारतात. टेपचा डिंक काढायला माझा अख्खा दिवस गेला. गरम सुरीने कागद न उचलता टेप सोडवायची, उरलेला चिकटा जेलमधल्या द्रावकाने थोडाथोडा उचलायचा, दर वेळी सूक्ष्मदर्शकाखाली बघायचं. धुण्याचा प्रश्नच नव्हता; पाण्याचा थेंब लावून बघितला तर टीपकागदावर लगेच रंग आला. भाज्यांच्या चित्रात एका बाजूने माउंट सरकून चित्रावर आला होता. त्याच्याखालच्या काडीएवढ्या पट्टीत नॅनचा रंग जसाच्या तसा होता. ती पट्टी मी फिरून फिरून बघत राहिले.

बाई ज्या दलालाला चित्रं दाखवत होत्या, त्याचा मला फोन आला. म्हणाला, रंग हातानेच भरलेत, चौथं चित्र समोर आहे, पट्टीही आहे, तिन्हींत भरून टाका. मी नाही म्हटलं. फिकटलेल्या रंगावर नवा रंग चढवला की तो पुन्हा काढता येत नाही, आणि विकत घेणारा तो नॅनचा म्हणून घेतो. आमच्या कामात भोक बुजवून त्याचा रंग आजूबाजूशी जुळवतात. पण उडालेला रंग म्हणजे भोक नव्हे.

उत्तर बरोबर आहे याबद्दल मला शंका नाही. पण त्याने नंतर जे विचारलं ते डोक्यातून जात नाही. रंग वुडने भरलाच नव्हता, तर मग नॅनच्या कुंचल्यात असं काय होतं? मी पुण्यात वाढले. आमच्या देवघरातल्या रविवर्मा प्रेसच्या लक्ष्मीत प्रत्येक रंगाला वेगळा दगड होता, हात कोणाचा हे तिथे कोणी विचारत नाही. इथे २५० प्रतींत एकाच नमुन्यावरून रंग भरले गेले. तरीही पाकळीच्या कडेला एक ओघळ पुढे गेला होता, एका पानावर हिरवा दोनदा फिरला होता. हे त्या नमुन्यात नसणार. हे त्या एका कागदावर, तिच्या टेबलाशी झालेलं आहे. त्याच्यावर मी रंग चढवला असता तर तो ओघळ आधी माझ्या रंगाखाली गेला असता. दलालाला मी हेच सांगितलं. त्याला पटलं नाही.

बाईंना मी एक मार्ग सुचवला होता: पट्टीवरून मूळ रंग ताडून भिंतीसाठी डिजिटल छपाई करू, अस्सल चित्रं अंधारात ठेवू. त्यांनी ऐकून घेतलं आणि रानफुलांचं चित्र विकून टाकलं. संच फुटला याचं मला वाईट वाटलं, तसं मी बोललेही. त्या म्हणाल्या, “ते आम्ही कधी बघितलंच नाही. माझ्या आईची चित्रं ही तीन.”

तिन्ही परत जेवणघरात गेली, आता खिडकीच्या समोर नाही, बाजूच्या भिंतीवर, अतिनील किरण अडवणाऱ्या काचेमागे. अहवालात त्या पट्टीचा फोटो मी मोजपट्टीसह जोडला आहे आणि शीर्षकाखाली वुडच्या नावाबरोबर रंगभरणी नॅन वुड ग्रॅहम आणि तिचा पती असं लिहिलं आहे. आमच्याकडे असं लिहायची पद्धत नाही. वरिष्ठांनी ती ओळ काढायला सांगितली आहे, आणि मी अजून काढलेली नाही.