इंडिकेटर नाहीत, मग कळतं कसं?

कोल्हापुरात राजारामपुरीतल्या माझ्या टेबलावर निफ्टीचा, म्हणजे शेअर बाजाराच्या निर्देशांकाचा, चार्ट उघडा दिसला की येणारा हमखास विचारतो, "यावर इंडिकेटर एकही नाही, मग तुम्हाला कळतं कसं?" तुम्हीही विचारलंत म्हणून जरा सविस्तर सांगतो.

इंडिकेटर म्हणजे भावांवरूनच गणित करून काढलेली रेघ. त्यातला आरएसआय घ्या, भावाच्या चढउताराचा जोर मोजणारा. वेल्स वाइल्डर यांनी तो 1978 साली मांडला. नेहमीच्या सेटिंगला तो मागच्या 14 कँडलच्या बंद भावांमधल्या चढउतारावरून निघतो. कँडल म्हणजे चार्टवरची ठरावीक वेळेची, समजा एका दिवसाची, भावाची खूण; बंद भाव म्हणजे त्या वेळेतला शेवटचा भाव. मूव्हिंग ॲव्हरेज तर बंद भावांची सरासरीच. भाव आधी हलतो, रेघ मागून वळते. त्यात खोटं काही नाही, पण भावात नाही असंही काही नाही. मग मी भावच वाचतो.

शाहू मार्केट यार्डात गुळाचे सौदे ऐकलेल्याला हे चटकन उमगतं. बोली चढत जाते. कुठल्या दराला आवाज विरळ होतात आणि कुठल्या दराला पुन्हा दोघं-तिघं चढाओढ करतात, याकडे जाणत्याचा कान असतो. चार्टवर मी तेच शोधतो. गेल्या खेपेला भाव जिथून उलटला तिथे तो परत आला, तर आता विकणारे तितक्याच जोरात आहेत का? दिवसभर त्या पातळीच्या वर राहून शेवटी खाली बंद झाला, तर आहेत. म्हणून मी दिवसातल्या उच्चांकापेक्षा बंद भावाला जास्त मानतो. प्रत्येक तळ आधीच्या तळाच्या वर आणि प्रत्येक शिखर आधीच्या शिखराच्या वर असेल, तर तेजी चालू आहे. एकोणिसाव्या शतकातला अमेरिकी पत्रकार चार्ल्स डाऊ याच्या काळापासून चालत आलेली ही खूण मला आजही पुरते.

पण पुढचं दिसतं का? नाही. 3 जून 2024 ला एक्झिट पोलनंतर निफ्टी तीन टक्क्यांहून जास्त वाढून बंद झाला. चार्ट इतका भक्कम क्वचितच दिसतो. दुसऱ्या दिवशी लोकसभेचे निकाल आले आणि तोच निफ्टी जवळपास सहा टक्के कोसळला. कुठल्याही कँडलमध्ये ते लिहिलेलं नव्हतं. भाव मला एवढंच सांगतो की अमुक तळ तुटला तर माझा अंदाज चुकला. तो तळ आधी ठरतो, स्टॉपलॉस, म्हणजे तोटा आवरण्यासाठी बाहेर पडायचा भाव, तिथे लागतो, आणि त्या अंतरावरून किती शेअर घ्यायचे ते ठरतं. माझ्या लेखी या सगळ्या वाचनाचा खरा उपयोग हाच आहे.

कॉलेजची पोरं येतात ती थेट पाच मिनिटांचा चार्ट आणि ऑप्शन (ठरलेल्या भावाने घेण्या-विकण्याच्या हक्काचे मुदतीचे सौदे) घेऊन. त्यांची मला मनापासून काळजी वाटते. एफ अँड ओमध्ये, म्हणजे फ्युचर्स आणि ऑप्शनच्या सौद्यांत, 2021-22 ते 2023-24 या तीन वर्षांत 93 टक्के वैयक्तिक ट्रेडर तोट्यात गेले, हा बाजार नियामक सेबीचाच आकडा आहे.

तुम्हाला शिकायचंच असेल तर पैसे न लावता सुरुवात करा. एखाद्या शेअरचा जुना डेली चार्ट (एका दिवसाला एक कँडल) छापून घ्या, उजवी बाजू कागदाने झाका आणि एकेक कँडल उघडत जा. प्रत्येक वेळी कागद सरकवण्याआधी वहीत लिहा: कुठला तळ तुटला तर मी चूक?