ओम्नी ओढत नाही? इंजिन खोलण्याआधी धुराची वाट तपासा

पंधरा-वीस वर्षं जुनी ओम्नी मांजरसुंब्याच्या घाटात पहिल्या गिअरशिवाय चढेना झाली, की गॅरेजमध्ये निदान ठरलेलं असतं: "रिंग-पिस्टन गेलं, इंजिन खोलावं लागेल." कधी ते खरंही निघतं. पण शाळेची मुलं नेणाऱ्या, आठवडी बाजाराचा माल ओढणाऱ्या या व्हॅनची ताकद बऱ्याचदा हवा आत येण्याच्या नाहीतर धूर बाहेर पडण्याच्या वाटेत अडकलेली असते. हेडच्या एकाही बोल्टला हात न लावता ती वाट तपासता येते.

त्याहीआधी दोन-चार मिनिटांची कामं. एकाला ॲक्सिलरेटर पूर्ण दाबायला सांगा आणि थ्रॉटलची पाकळी पूर्ण उघडते का ते पाहा; केबल सैल झाली किंवा मॅट पेडलखाली आली की ती अर्ध्यावर राहते. चाकं जॅकवर घेऊन हाताने फिरवा, म्हणजे ब्रेक धरून बसलेत का ते कळेल. चढाला इंजिनचा आवाज वाढतो पण वेग वाढत नाही, तर क्लच प्लेट घसरते आहे. एअर फिल्टर काढून उजेडाकडे धरा. आपल्याकडची काळ्या मातीची धूळ पिठासारखी बारीक असते, ती कागदात मुरते आणि झटकून निघत नाही. फिल्टर नवाच टाका.

गाडीला एलपीजी किट असेल तर अर्धं निदान फुकट होतं. त्याच चढावर एकदा गॅसवर, एकदा पेट्रोलवर चालवा. फक्त गॅसवर दम जात असेल तर दोष किटमध्ये. दोन्हींवर सारखीच मेली असेल तर इंधनाचा नाद सोडा. हवा, ठिणगी, कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) किंवा सायलेन्सर यांपैकी काहीतरी आहे.

ताकद नेमकी केव्हा जाते, हेही फार सांगून जातं. सपाटीवर बरी, लांब चढाला हळूहळू गळपटते आणि पाच मिनिटं थांबलं की पुन्हा थोडी पळते, तर पेट्रोल पुरत नाही: फिल्टर चोंदलाय किंवा पंप थकलाय. जुन्या टाकीत साचलेला गाळ इथेनॉलमिश्रित पेट्रोलमुळे सुटतो आणि फिल्टरमध्ये येतो. कार्बोरेटरच्या गाडीत मे महिन्यात दुपारीच हे होत असेल, तर पंपावर ओलं फडकं ठेवा. गाडी सुधारली तर पाइपात पेट्रोलची वाफ अडकते आहे. सारखा थरथराट असेल तर एक सिलिंडर मिसिंग, म्हणजे त्यात पेट्रोल जळतच नाही. इंजिन तीनच सिलिंडरचं, त्यामुळे एक गेलं की तिसरा हिस्सा ताकद गेली. एमपीएफआय, म्हणजे कार्बोरेटरऐवजी इंजेक्टरने पेट्रोल फवारणाऱ्या गाडीत आयडलवर (रेस न देता) एकेका इंजेक्टरचा सॉकेट काढून बघा. ज्याचा काढल्यावर इंजिनला काही फरक पडत नाही, तो मेलेला.

आणि गाडी चालू नीट होते, आयडलला शांत असते, पण रेस वाढवली की एका मर्यादेपुढे आवाज दबतो आणि चढतच नाही, तर सायलेन्सरच्या लायनीवर संशय घ्या. इथे इंजिन हवा किती ओढतं ते मोजणारं व्हॅक्यूम गेज कामाला येतं. हवा आत नेणाऱ्या नळीला, म्हणजे इनटेक मॅनिफोल्डला जोडा. निरोगी इंजिनला आयडलवर समुद्रसपाटीला १७ ते २१ इंच (पाऱ्याचे) मिळतात, आणि दर हजार फुटांना साधारण एक इंच कमी होतो. छत्रपती संभाजीनगर साडेपाचशे मीटरच्या, म्हणजे अठराशे फुटांच्या वर आहे, म्हणजे तिथे १५ ते १९ इंच हे ठीकच समजा. पुस्तकातला आकडा बघून चांगल्या इंजिनाला नावं ठेवू नका. आता रेस २५०० आरपीएमवर धरून ठेवा. काटा स्थिर राहिला तर वाट मोकळी. मिनिटाभरात हळूहळू खाली घसरत गेला तर धूर मागे तुंबतोय. आयडलपासूनच काटा कमी पण स्थिर असेल, तर टायमिंग बेल्टचा दात चुकलाय का ते पाहा.

खात्री करायची तर कन्व्हर्टरच्या (सायलेन्सरच्या लायनीतला धूर साफ करणारा जाळीचा डबा) आधीचा ऑक्सिजन सेन्सर २२ नंबरच्या पान्याने काढा आणि त्या भोकात प्रेशर गेज लावा. २५०० आरपीएमवर ३ पीएसआयच्या पुढे गेलं की अडथळा नक्की. गेज नसेल तर भोक उघडं ठेवून मोकळ्या मैदानात गाडी जराशी चालवून बघा. आवाज कर्कश येईल, पण ओढ परत आली तर उत्तर मिळालं. त्या भोकातून निघणारा जाळ जवळच्या वायरींना लागू देऊ नका.

कन्व्हर्टर आपणहून क्वचितच चोंदतो. मिसिंगमुळे न जळलेलं पेट्रोल त्याच्यात जाऊन पेटतं आणि आतली जाळी वितळते. नाहीतर इंजिन ऑइल खातं आणि त्याची राख जाळीवर बसते. म्हणून प्लग, वायरी, ऑइल यांचा निकाल न लावता नवा कन्व्हर्टर टाकला तर तोही जातो. रबरी हातोडीने ठोकल्यावर आत खडखडलं तर जाळी फुटली आहे. ती फोडून रिकामा डबा पुन्हा लावण्याचा सल्ला मिळतो. तो घेऊ नका. पीयूसीला गाडी अडकते, आणि तो विषारी धूर तुमच्याच गल्लीत सुटतो.

सायलेन्सर मात्र आतून गंजतो. एक लिटर पेट्रोल जळलं की साधारण तेवढंच पाणी तयार होतं. शाळेच्या तीन-चार किलोमीटरच्या फेऱ्यांत नळी पुरती तापत नाही, पाणी आतच राहतं, आणि आतला पत्रा सुटून आडवा पडतो. बाहेरून रंग शाबूत दिसतो.

आता गळती. माझ्या मते ही ताकदीपेक्षा गंभीर गोष्ट आहे, कारण ओम्नीचं इंजिन पुढच्या सीटखाली असतं. सकाळी थंड इंजिनला टकटक येते आणि तापल्यावर कमी होते, तर मॅनिफोल्डचं गॅस्केट पाहा. सांध्याशी काजळीचा पट्टा दिसेल. इंजिन थंड असताना चालू करून मागच्या नळीवर जाड ओलं फडकं काही सेकंद दाबा आणि सांध्यांवर साबणाचं पाणी टाका. बुडबुडे येतील तिथे फट. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. मुलं पेंगतात, डोकं दुखतं म्हणतात, मळमळ होते. अशी तक्रार आली तर त्याच दिवशी व्हॅन उभी करा. सीटखालच्या झाकणाचं रबर बदला. मागचं दार अर्धवट उघडं ठेवून गाडी चालवू नका, मागचा धूर आत ओढला जातो.

पीयूसीची पावती जपून ठेवा, तिच्यात निदान असतं. बीएस-४ (प्रदूषणाचं सरकारी मानक) गाडीला आयडलवर सीओ (कार्बन मोनॉक्साइड) ०.३ टक्के आणि एचसी (न जळलेलं पेट्रोल) २०० पीपीएम ही मर्यादा. बीएस-३ ला ०.५ आणि ७५०. सीओ जास्त म्हणजे पेट्रोल जास्त जातंय. सीओ ठीक पण एचसी चढलेलं म्हणजे मिसिंग. मात्र सायलेन्सर फुटका असेल तर बाहेरची हवा मिसळून आकडे खोटे चांगले येतात.

काळ्या धुराचंही मूळ जादा पेट्रोलच: चोक अडकला, फ्लोटची पातळी चुकली, किंवा एमपीएफआयमध्ये पाण्याच्या तापमानाचा सेन्सर गेला. निळा धूर कन्नडचा घाट उतरून खाली ॲक्सिलरेटर देताच एकदम आला तर व्हॉल्व्ह सील. चढाला सतत येत असेल तर रिंग. तापलेल्या गाडीतून पांढरा धूर आणि रेडिएटरचं पाणी कमी, तर हेड गॅस्केट.

एवढं झाल्यावरच प्लगच्या भोकात गेज लावून कॉम्प्रेशन घ्या. तिन्ही प्लग काढा, इग्निशन आणि पेट्रोल बंद, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून पाच-सहा फेरे स्टार्टर मारा. सगळ्यांत कमी आकडा सगळ्यांत जास्त आकड्याच्या तीन-चतुर्थांशाखाली असेल तर त्या सिलिंडरमध्ये चमचाभर इंजिन ऑइल टाकून पुन्हा मोजा. आकडा वाढला तर रिंग. तसाच राहिला तर व्हॉल्व्ह, आणि शेजारचे दोन सारखेच पडलेले असतील तर त्यांच्यामधलं हेड गॅस्केट.